संगणकावरचा बैल

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८७

बैल आजही चालला नाही. कॉलेजच्या संगणकावर बारा चित्रं काढली, एकामागून एक पडद्यावर आणली, तर तो ओल्या फरशीवरून घसरल्यासारखा पुढे गेला. मागचा डावा पाय नेमका कधी उचलायचा? उद्या सरांना दाखवायचं आहे.

बाबांना विचारलं असतं. तरुणपणी त्यांनी शंकरपटात बैल पळवलेत. पण मौद्याच्या स्थळाला मी नाही म्हटल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पंधरा दिवस झाले.

शेवटी संध्याकाळी घरी बैठकीच्या खोलीत मीच हातापायांवर चालून पाहिलं. पुन्हा तोच मागचा डावा पाय अडला. बाबा पेपर वाचत होते. निदान मला तसं वाटलं.

"असा कोनता बैल चालते वं?"

मी तशीच थांबले. "मंग कसा चालते, बाबा?"

"मागचा डावा आधी. तो टेकाले आला का पुढचा डावा उचलते. मंग उजवे."

मी करून पाहिलं. चुकलं.

"मानसाची अक्कल नको लावू," म्हणाले, आणि चष्मा काढून, पायजमा वर खेचून स्वतःच खाली उतरले. गुडघे कटकन वाजले. मान हलवत, सावकाश, खुर्चीपासून दारापर्यंत. मी वहीत भराभर रेघा ओढत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आई चहा घेऊन दारातच थबकली. "अहो, काय करून राहिले हे?"

"थांब जरा," बाबा मान वर न करता म्हणाले. "पोरीले उजवे पाय दाखवाचे राहिले."