शिळी सुट्टी

१९ डिसेंबर

ठरलं एकदाचं! एक जानेवारीला लेक तिच्या बाबाकडे, दोनला माझ्याकडे. वेगळे झाल्यापासूनचं हे पहिलं नवं वर्ष. फोनवर काय गोड आवाज काढला होता त्याने — "तुला तशीही एक तारखेला सुट्टी नसते." नसते, खरंच आहे! आम्ही बेकरीवाल्यांनी केक भाजले नाहीत तर लोक रात्री कापणार काय?

म्हणजे त्याला ताजा दिवस, मला उरलेला.

२१ डिसेंबर

सकाळी हॉर्न पाव न्यायला आली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचा आवाज तेव्हापासूनच असा, म्हणून हॉर्न. आता बस चालवते — नाव सार्थ केलं पोरीने! तिला एकतीस आणि एकला ड्यूटी. बाकावरची तिसरी, आमची सिस्टर, तिलाही दोन्ही दिवस वॉर्डात ड्यूटी.

"म्हणजे दोन तारखेला तिघीही रिकाम्या!" हॉर्न ओरडली. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाच्या हातातले बिस्किटांचे पुडे खाली पडले.

माझे वडील, अण्णा, गल्ल्यावर होते. भट्टी पूर्वी त्यांची, आता माझी, पण गल्ला काही सोडत नाहीत. म्हणाले, "करा मग शिळी सुट्टी. शिळा पाव भाजल्यावर कसा लागतो, ते गिऱ्हाइकाला काय कळणार!"

नियम तिथेच ठरला. नवं काही विकत आणायचं नाही. एक तारखेला जिथे जे उरेल, तेच घेऊन यायचं.

२६ डिसेंबर

धास्ती वाटतेय. इथे लिहायला काय हरकत आहे?

दर वर्षी हेच होतं. एकतीसची रात्र भट्टीपुढे काढायची आणि एक तारखेला नटूनथटून त्याच्या भावाकडे जेवायला जायचं. गेल्या वर्षी सूप पुढे आलं आणि मी बसल्या जागी झोपले. नुसती झोपले नाही, घोरले! घरी येताना गाडीत तो म्हणाला, "चारचौघांत लाज आणलीस. सणासुदीला घोरणारी बायको!" लेक मागच्या सीटवर होती. तिने सगळं ऐकलं.

ह्या वेळी डोळ्यात तेल घालून जागी राहणार. आईच्या घरीही सुट्टी असते, हे तिला दिसलंच पाहिजे.

३१ डिसेंबर

केक. केक. केक. हात खांद्यापासून गळून पडणार बहुतेक.

१ जानेवारी

दुपारी लेकीचा फोन. बाबाकडे गाणी, दिवे, पाहुण्यांची ही गर्दी! "मज्जा आहे," म्हणाली. मी "अरे वा!" म्हटलं. अगदी छान म्हटलं.

मधोमध खचून बसका झालेला एक केक कुणीच घेतला नाही. उद्यासाठी ठेवलाय.

२ जानेवारी

आधी फजिती लिहून टाकते.

हॉर्नने तिच्या बसवरच्या कागदी झिरमिळ्या सोडवून आणल्या. सिस्टरने मुलांच्या वॉर्डातले अर्धे सुकलेले फुगे. लेकीला बाबाने दारात सोडलं, वर आला नाही. तिने झिरमिळ्या लावल्या, मी सूप गॅसवर ठेवलं. ते उकळेपर्यंत जरा पाय वर घ्यावेत म्हणून खुर्चीत टेकले. जरा!

डोळे उघडले तर खोलीत अंधारून आलेलं. हॉर्न कोचावर आडवी, आवाज बसच्या इंजिनाचा. सिस्टर सतरंजीवर, ड्यूटीचे बूट उशाशी नीट जोडून. अण्णांना तर कसलीच ड्यूटी नव्हती, तेही डाराडूर! आणि लेक स्वयंपाकघरात एकटी बसलेली.

वाटलं, संपलं. हिच्या बाबाने जे बघितलं तेच आज हिनेही बघितलं.

"चुकलंच गं माझं," म्हणत मी उठले.

"श्श! सिस्टरमावशीने आत्ताच कूस बदललीय."

मग एकेक दिसायला लागलं. माझ्या अंगावर पांघरूण होतं. पडदे ओढलेले. गॅस बंद. सगळ्यांचे फोन पावाच्या डब्यात, वरून झाकण! हॉर्नच्या अंगावर टेबलक्लॉथ, कारण पांघरुणं संपली होती.

"कंटाळलीस ना?"

"थोडीशी. मग मी केकची कड खाल्ली." खाल्ली होतीच, चांगली हातभर! "आई, तुम्ही काल सगळे काम करत होता. मग आज झोपणारच की. पुढच्या वर्षी आधी झोप, मग जेवण, असंच करू. आणि पांघरूण ज्याचं त्याने आणायचं. आपल्याकडे पुरत नाहीत."

कुणी शिकवलं हिला हे? मी तर नाही. मी वर्षभर शरमेने मेले आणि हिने एका दुपारी त्याचा रिवाज करून टाकला!

सगळे उठले, सूप परत गरम केलं, केकचा खड्डा जॅमने बुजवला. हॉर्न म्हणाली, "हिला मी माझ्या बसवर कंडक्टर घेते! सगळी बस शिस्तीत झोपेल."

अभिमानाने ऊर भरून आलाय. माझी लेक आहे ती. माझी!

८ फेब्रुवारी

हॉर्नने सेलमध्ये लालभडक पांघरूण घेतलं. अगं बाई, अख्खं वर्ष पडलंय अजून!

१४ नोव्हेंबर

हिच्या बाबाने डोंगरावरच्या हॉटेलात खोल्या बघितल्यात, एक आणि दोन जानेवारीच्या. मला न विचारता आधी लेकीला विचारलं. माझा जीव टांगणीला. तिथे म्हणे पोहायचा तलावही आहे! मी काय देणार, बसका केक?

मी कणीक मळत होते. ती फोनवर त्याला सांगत होती, "दोनला नाही जमणार, बाबा. दोनला माझी सुट्टी असते." एवढंच. मग गृहपाठ उघडून बसली.

अण्णांनी ऐकलं आणि गल्ल्यावरून मला हातानेच खूण केली — बघ! मी पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि उरलेला दिवस तशीच पांढऱ्या तोंडाने गिऱ्हाइकं केली. कुणी हसलं तर हसू दे.

१ जानेवारी

हॉटेल रद्द झालं. लेक बाबाच्या घरीच आहे. मघाशी तिचा फोन आला, आवाज अगदी हळू. "आई, बाबाला खूप दिवस झाले झोपच लागत नाही. तो विचारतोय, उद्या तो आला तर चालेल का?"

मी भट्टीचं दार लावलं. मग म्हटलं, ये म्हणावं. पांघरूण ज्याचं त्याने आणायचं.