काजळीचे स्थळ

जबलपूर, ता. ६ जानेवारी १९३४

ती. आत्यास भाऊरावाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

येथे आम्ही उभयता खुशाल. तुझ्या चंद्रीला पिल्ले झाल्याचे कळले. आमच्या साहेबांचा कुत्रा दाराशी बसला की बंगल्याची शान काही और दिसते. आपल्या हनुमानतालच्या घरालाही नवे फाटक बसवले आहे, पण फाटकाशी कोणी नाही. तरी एक पिल्लू मला राखून ठेव. तयारी झालीच आहे. पितळेची साखळी आणून, घासून लखलखीत करून खुंटीला लावली. मी कचेरीत गेलो की शरयू एकटी पडते, तिलाही सोबत होईल.

कळावे. लोभ आहेच, त्यात एका पिल्लाची भर घालावी ही विनंती.

तुझा भाऊ


नागपूर, ता. १२ जानेवारी

चि. भाऊरावास आत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पावले. साखळीचे वर्णन वाचले. पिल्लाने खायचे काय, निजायचे कुठे, हे मात्र कुठेच सापडले नाही.

बाकीची पिल्ले चांगल्या घरी पडली. उरली काजळी, डोळ्यांभोवती काळे आहे म्हणून काजळी. तिला बघायला पुष्कळ येतात, पण स्थळ नीट पाहिल्याशिवाय मी देत नाही. हसू नकोस. चंद्री माझ्याकडे कशी आली ते तुला ठाऊक नाही. शेजारच्या बिऱ्हाडाची बदली झाली, माणसे सामानासकट गेली आणि ही अंगणात बांधलेली राहिली. तिचे भुंकणे थांबले तेव्हा मी कुंपणावरून पाहिले. तिच्या गळ्याभोवती अजून केस येत नाहीत. त्यांनीही ती हौसेनेच आणली होती बरे.

तेव्हा कळव. वैशाखात तिचे पाणी कोण बदलणार? एकादशीला घरात साबुदाणा शिजतो, तेव्हा तिने काय खावे? दिवाळीला इकडे आलात की ती कुणाकडे? आणि तू उन्हे अंगावर येईपर्यंत निजणार, तिला फिरवायचे कुणी? महिनाभर पहाटे ऊठ, पाण्याचे भांडे भर आणि फिरून ये, पिल्लावाचून. जमले तर पुढे बोलू. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे नको.

सौ. शरयूस आशीर्वाद. लोभ आहे म्हणूनच एवढ्या चौकशा.

भानुमती


जबलपूर, ता. २ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंच्या चरणी शरयूचा नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र वाचून इकडची स्वारी फुगूनच बसली. म्हणाले, कुत्रा मागितला तर आत्याने माझीच वरपरीक्षा मांडली. मग एके पहाटे रागारागातच उठले आणि निघाले. आता रोज उजाडता गोहलपूरपर्यंत जातात. सवय व्हावी म्हणून हातात साखळी! शेजारच्या गुणवंतरावांनी विचारले की भाऊराव, साखळी घेऊन फिरून राहिले, कुत्रा काहून नाही? आणि गोहलपुरातले गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारे लोहार तर रोज पुसतात की बाबूजी, आज भी नहीं मिला क्या?

फाटकाशी भांडे भरतात, त्यावर चिमण्या येतात. हल्ली गोहलपूरची एक लंगडी कुत्री यांच्या मागोमाग येऊन ते पाणी पिऊन जाते. आपली तिची ओळख नाही, असे हे सांगतात. पण काल फडक्यात भाकरी बांधून नेताना मी पाहिले.

मी लिहिल्याचे त्यांना कळवू नये. आत्याबाई, काजळी मला फार हवी आहे हो. दुपार संपता संपत नाही. त्यांना नापास करू नका.

लोभ असावा, आणि थोडा वशिलाही.

आपली शरयू


जबलपूर, ता. १५ फेब्रुवारी

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

महिना पुरा झाला आणि मी मागणी मागे घेतो.

गोहलपूरची एक कुत्री घरी आली आहे. कुणीतरी पाळली होती, पाय मोडल्यावर सोडून दिली, असे लोहार सांगतात. आधी मी तिला हाकलत असे. मग एके दिवशी ताप भरला, फिरायला गेलो नाही. खिडकीतून पाहतो तो ही फाटकाशी हजर, आणि भांडे कोरडे. भुंकली नाही, नुसती भांड्याकडे बघत बसली. मला तुझी चंद्री आठवली. तसाच उठलो, पाणी भरले आणि तिला आत घेतले.

नाव गोहली. गुरांच्या डॉक्टरांना दाखवले. पाय सरळ होणार नाही, पण दुखणे थांबेल म्हणाले. एकादशीला शरयू तिची भाकरी वेगळी टाकते. उपवास फक्त मला. दिवाळीत गुणवंतराव सांभाळतील, त्यांच्याशी तिची आत्तापासून ओळख करून देत आहे. साखळीला ओसरीवरचा कंदील टांगला. फाटक उघडे असले तरी गोहली कुठे जात नाही.

एकीचे किती करावे लागते ते आता कळले. दोघींचे नीट होईल असे छातीठोक सांगवत नाही. काजळीला चांगले घर मिळो. शरयूला अजून सांगितले नाही. तिचे तोंड बघवणार नाही.

रागावू नये, लोभ कमी करू नये.

भाऊ


नागपूर, ता. २१ फेब्रुवारी

चि. भाऊराव व चि. सौ. शरयू यांस अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र दोघांनी मिळून वाचावे. एकाच घरातून एकमेकांपासून चोरून मला लिहिता, टपालवाले खूश असतील.

इतकी स्थळे पाहिली, सगळी म्हणाली, आमच्याकडे काही कमी पडणार नाही. आपल्याच्याने किती होईल याचा विचार करून बोलणारा, भाऊ, तू पहिलाच. मला फार बरे वाटले. म्हणून काजळी तुमच्याकडेच देते. शरयू दिवसभर घरी असते, तिला न विचारता नकार कळवलास, तेवढे गुण मात्र कापले. काजळीचे ती बघेल. दोघींचे पटलेच नाही तर पोरीला परत घेऊन येईन. लेक दिली म्हणून माझे दार बंद होत नाही.

पुढच्या आठवड्यात गोंदियाहून छोट्या गाडीने येते, काजळी टोपलीत. स्टेशनवर तिघांनीही यावे. नणंद आली नाही तर आम्ही खाली उतरणार नाही.

चंद्री काल काजळीला बराच वेळ चाटत होती. मी तिच्या गळ्यावरून हात फिरवला आणि सांगितले, बाई, घर बघून दिली आहे.

लोभ आहेच, उरलेला सोबत घेऊन येते.

भानुमती