बाईंचा ग्लास

८ एप्रिल १९७९, रविवार

पेंडसेबाई आपल्या घरी चहा का घेत नाहीत? आईने आज सरळ विचारलं. 

वर्ग छान झाला. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आपल्या वस्तीतल्या पाच मुली, सगळ्या आता दहावीत जाणाऱ्या. बाई दर रविवारी शहरातून बस बदलून सातपूरपर्यंत येतात, त्यांना इंग्रजी शिकवतात. फी नाही, काही नाही. मी फळा पुसते आणि गणित घेते.

आईने नेहमीसारखा आलं घालून चहा केला. बशी पदराने पुसून कप पुढे ठेवला. बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "उन्हाचा चहा नको हो, मंगलच्या आई." कप तिथेच गार झाला, वर साय धरली. वर्ग सुटल्यावर आईने तो मोरीपाशी उभ्याउभ्या पिऊन टाकला. दर रविवारी पिते. मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

म्हणाली, "आता ऊन हाय. थंडीत काय म्हणायची, आठवतं का? 'आत्ताच झाला.'"

९ एप्रिल

बाईंबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. तू कॉलेजात जा, असं मला सांगणारं पहिलं माणूस त्या. घरात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. आत्ता शाळेत तात्पुरती नोकरी आहे तीही त्यांनी शब्द टाकला म्हणून. बी.ए.चा निकाल लागल्यावर पेढे घेऊन गेले होते. त्यांनी पेढा घेतला, रुमालात बांधला. खाताना पाहिलं का? आठवत नाही.

शिक्षकखोलीतसुद्धा त्या शिपायाने आणलेला चहा घेत नाहीत. स्वतःचा थर्मास आणतात. म्हणजे सगळ्यांशीच तसं. की...

आपण बौद्ध, त्या ब्राह्मण. हे वाक्य लिहून पाहिलं. खोडलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या पारूबाई आल्या, रंजनाच्या आई. भिंतीलाच भिंत, त्यांना सगळं दिसतं. "मंगल, तुझी बाई तुझ्या आईच्या हातचा घोटभर चहा घेत नाय, ती आमच्या पोरींना काय शिकवणार गं? बोलणं इंग्रजीत आन वागणं पेशवाईत."

मी म्हटलं, बाईंना ऊन सोसत नसेल खरंच.

"मग गार दे की काहीतरी. येत्या रविवारी पिली तर रंजी येईल. नायतर मी तिला माझ्यासंगं कामावर नेते. बसून तरी काय करती?"

रंजना पाचांत सगळ्यात हुशार. एकदा कामाला लागली की जूनमध्ये शाळेत परत जाईल याचा भरवसा नाही. या वस्तीत अशा किती मुली पाहिल्या.

११ एप्रिल

पारूबाईंचा टोमणा डोक्यातून जात नाही. खरंच, गार का नको? सरबत नको, चहाच हवा. आई चहा देते, चहाच त्यांनी घ्यावा. फक्त गार.

आज दुधाचा चहा माठाच्या पाण्यात भांडं ठेवून गार केला. ताजेपणा यावा म्हणून वर लिंबू पिळलं. फाटला.

अण्णा पहिली पाळी करून आले. भांड्यात डोकावून म्हणाले, "चहा नासवायला बी.ए. व्हावं लागतं व्हय? आम्ही उगा कारखान्यात गेलो." आई तोंडाला पदर लावून हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

१३ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी.

आईने काम हातात घेतलं. "दूध नकोच त्यात. गवती चहा कशाला लावलाय मी?" मोरीच्या मागे, सांडपाण्यावर वाढलेलं ते हिरवं झुडूप, पाती बोट कापतील अशी. तिने माहेराहून, निफाडच्या बाजूने गड्डा आणला होता माझ्या जन्माआधी. सर्दीपडसं झालं की तोडायचा, एरवी लक्षही जात नाही.

पहिला घाणा माझा. तुळस, आलं, मिरी, सगळं घातलं, भरपूर. अण्णांनी घोट घेतला. "ताप कुणाला आलाय?"

दुसरा आईचा. पात्यांना गाठी मारल्या, म्हणजे पातेल्यात मावतात आणि गाळताना निसटत नाहीत. पाणी उकळलं की गाठी टाकल्या, आल्याचा एकच काप. खाली उतरवून मग तुळशीची चार पानं आणि झाकण. "उकळत ठेवलं की वास छपराला जातो, आपल्याला काय राहतं?" गूळ कोमट असताना. लिंबू अगदी शेवटी, पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर कडवटपणा येतो. चिमूटभर मीठ. मग फडक्याने गाळून लहान माठात, माठाला ओलं फडकं.

तासाभराने प्यायलो. अण्णांनी ग्लास परत पुढे केला.

हे इतकी वर्षं मोरीमागे होतं.

१४ एप्रिल

जयंती. दिवसभर पाय जमिनीवर नाहीत. लेझीमच्या मुलींसाठी आईने मोठ्या हंड्यात गवती चहा केला. मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि हंडा बघता बघता रिकामा. दुसऱ्या गल्लीतल्या बायका "काय घातलंय" विचारत आल्या. आई सांगत होती, न थकता. अशी कधी पाहिली नाही तिला.

पारूबाई तीन ग्लास प्यायल्या. पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हे बेस हाय. पण उद्या बघू."

१५ एप्रिल, रविवार

अण्णा मुद्दाम सायकलवर जाऊन बर्फ घेऊन आले, लाकडाच्या भुशातला, गोणपाटात बांधून. म्हणाले निम्मा रस्त्यालाच पाजला. आईने कपाटातले काचेचे ग्लास काढले, लाल फुलांचे, जे कधी निघत नाहीत.

बाई घामाने भिजून आल्या. आईने ग्लास पुढे केला. बाईंनी घेतला. हातात घेतला. "काय सुरेख वास आहे हो," म्हणाल्या.

आणि धरून बसल्या. दोन्ही हातांत. एकदा गालालाही लावला. पूर्ण तास शिकवलं, ग्लास हातात. बाहेरून पाणी सुटून त्यांच्या लुगड्यावर थेंब पडत होते. मला फळा दिसत नव्हता, ग्लासच दिसत होता. वर्ग सुटला तेव्हा बर्फ विरघळून गेला होता आणि ग्लास तसाच भरलेला. खाली ठेवताना म्हणाल्या, "घसा बसेल माझा."

पारूबाई दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "चल गं रंजे."

आईने तोही पिऊन टाकला. मोरीपाशी, उभ्यानेच.

१७ एप्रिल

दोन दिवस शाळेत बाईंशी धड बोलले नाही. आज घरी येऊन आईला सांगितलं, वर्ग बंद करते. असलं शिकवणं नको आपल्याला.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या रागापायी चार पोरींनी घरी बसायचं?"

मी म्हटलं, आणि तुझा अपमान?

"तिनं हातात तरी धरला. माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी वतायचे, भांडं शिवलं तर." एक खडा बाजूला टाकला. मग, "तू शिकलीस ती तिच्यामुळं. मला त्याला आठवड्याला एक गार चहा पडला. परवडलं मला."

मला नाही परवडलं. आईसारखं मन मला कधी मिळणार कोण जाणे. मिळावं की नाही, हेही कळत नाही.

१९ एप्रिल

बाईंनी शिक्षकखोलीत बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता काही बोलतील. म्हणाल्या, "मंगल, तुमच्या त्या गवती चहाचा एखादा गड्डा मिळेल का? सासूबाईंच्या पोटात सारखा वारा धरतो. त्यांना करून देईन म्हणते."

मी हो म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं, ती नको म्हणेल या आशेवर. तिने विळा शोधायला घेतला.

२२ एप्रिल, रविवार

रंजना आली नाही. बाईंनी विचारलं. मी म्हटलं, आईबरोबर कामाला गेली. "असं कसं? का?" मी फळा पुसत राहिले.

आईने गड्डा मुळासकट काढून पत्र्याच्या डब्यात ओल्या मातीत बसवून ठेवला होता. पाती वरून छाटून वेगळी जुडी बांधली होती, आठवडाभर पुरेल एवढी. "दोन दिवस सावलीत ठेवा, मग ऊन दावा," बाईंना समजावून सांगत होती. बाई डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. लुगड्याला माती लागली ती त्यांनी झटकली नाही.

आज ग्लास ठेवला होता. भरलेलाच राहिला.

आपली माती चालते, आपलं गवत चालतं. पाणी तेवढं त्यांचं हवं. असं मनात आलं आणि दिवसभर गेलं नाही.

२९ एप्रिल, रविवार

आज झालं ते नीट लिहून ठेवते.

बाई लवकर आल्या, मुली यायच्या होत्या. आईने विचारलं, "लागला का गड्डा?"

"लागला. सासूबाईंना रोज देते. गार करून, तुम्ही सांगितलात तसा. त्यांना फार मानवला. आता दुपार झाली की स्वतःच मागतात."

"इचारलं नाय त्यांनी, कुठला म्हणून?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बाईंना असं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "नाही विचारलं. पण दुसरं एक विचारतात. दर रविवारी, मी चपला काढते न काढते तोच. तिकडे काही घेतलंस का? मी नाही म्हणते. मग घरात घेतात." थोडं थांबून, "मला खोटं बोलता येत नाही हो. आणि इथे घेतलं, तसं सांगितलं, तर इकडे येणंच बंद होईल. म्हणून..."

तर असं होतं. उन्हाचं नव्हतं, घशाचं नव्हतं. आमचंच होतं. आणि तरी त्या दर रविवारी येत होत्या, त्या दारातून बाहेर पडून, त्या प्रश्नाकडे परत जात होत्या. दोन्ही खरं. दोन्ही एकाच वेळी मनात धरायचं कसं?

तेवढ्यात आई हसायला लागली. आधी नाकातून, मग मोकळी. "म्हणजे बाई, तुमची सासू रोज आमचाच चहा पिते की."

बाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्याही हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते सगळं हसण्याचं होतं असं वाटत नाही.

मुली आल्या. वर्ग झाला. ग्लास भरलेलाच राहिला.

३० एप्रिल

आईने पारूबाईंना भिंतीवरून सांगितलं. पारूबाई ओट्यावर मटकन बसल्या. "मोरीच्या पाण्यावरचं गवत म्हातारी पिते, आन सून बिचारी तोंड बांधून बसते. कुणाची कीव करावी, सांग." आणि हसल्या.

जाताना म्हणाल्या, "रंजी येईल रविवारी. तुझ्या बाईसाठी नाय, तुझ्या आईसाठी." मग दारातून वळून, "पण मंगल, सासूचा धाक सासूच्या घरी. इथं तिचं तिला ठरवू दे की."

या बाईचे उपकार मी कसे फेडू? वर्गाला नावं ठेवणारी तीच, आणि नेमकं बोट ठेवणारीही तीच.

३ मे

विचार करते आहे. आपण दर वेळी विचारतो, ग्लास हातात देतो, आग्रह करतो. म्हणून त्यांना दर वेळी नाही म्हणावं लागतं. आणि त्यांचं नाही ऐकायला आई तिथे उभी असते. विचारणं हे पाहुणचाराचं आहे हे खरं. पण गेली दोन वर्षं ते आमच्याकडून परीक्षा घेतल्यासारखं झालं आहे, आणि नापास दर वेळी आईच.

आईला म्हटलं, आता विचारायचं नाही.

"लोक काय म्हणतील? बाई घरी आली आन पाणीसुद्धा इचारलं नाय?"

मी म्हटलं, विचारायचं नाही, ठेवायचं.

६ मे, रविवार

अण्णांनी बर्फ आणला. आज जास्त वाचला, गोणपाट दुहेरी केलं होतं.

बाई आल्या, मुली आल्या, रंजनाही. पारूबाई कामावर. मी माठातला चहा मोठ्या जगमध्ये ओतला, बर्फ टाकला, पुदिन्याची पानं वर. मग खोलीतली एकुलती एक खुर्ची ओढली आणि आईला त्यावर बसवलं. ती "अगं, काय हे, भांडी पडलीत" करत राहिली. लाल फुलांचा पहिला ग्लास तिला दिला. बसून प्यायली. मग मुलींना दिले. एक ग्लास धुऊन जगशेजारी उपडा ठेवला, बाईंच्या हाताशी. काही म्हटलं नाही.

बाईंनी ग्लासकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी खडू घेतला आणि फळ्याकडे वळले. गणित आधी घेते म्हटलं. सगळ्यांकडे पाठ ठेवूनच पूर्ण उदाहरण सोडवलं, मग दुसरं, मग तिसरं. मागे कुजबुज झाली, काचेवर काच वाजली, रंजना खुदकन हसली. वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं नाही.

वर्ग सुटल्यावर बाई बससाठी घाईने निघाल्या. दारात आईचा हात हातात घेतला, एवढंच. मी आत आले तोवर रंजनाने सगळे ग्लास मोरीत नेऊन एकदमच विसळले होते. ओळीने उपडे, सगळे सारखे, सगळे ओले. जग रिकामा.

आई समोरच्याच खुर्चीत होती सगळा वेळ. तिला ठाऊक आहे. मी विचारलं नाही.