गोदूचे बोंबील आणि प्रकल्पाच्या सळ्या

मुरबे

आदरणीय रामनाथ भाऊजी, कमलाकांतचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात वाकलो आहे.) तुमचा गुडघा आणि ताईची साखर ताब्यात असेलच. इकडे येत्या रविवारी घराचा स्लॅब टाकतोय. आमची लेक दीपिका बाळाला घेऊन याच छपराखाली येणार, म्हणून गोदूचे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

पण भाऊजी, माझं डोकं तापलंय! अणुवीज प्रकल्पाच्या नव्या बांधकामासाठी सळ्यांचे सांगाडे बांधायचं काम मला मिळालं होतं. बांधले आणि अंगणात उभे केले. दिवस बोंबलांचे. गोदूला वाटलं, नवऱ्यानं हौसेनं मासळी वाळवायला लोखंडी वलांडी करून दिली! (मी हौसेनं काही केल्याचं तिला लग्नानंतर प्रथमच दिसलं.) आठवडाभर त्यावर खाऱ्या पाण्यानं निथळणारे बोंबील. विचारलं तर म्हणते, "तुमीच उभं करून ठेवलं, मना काय ठावं!"

सांगाडे प्रकल्पावर पोचले. सरकारी तपासणीच्या प्रियदर्शिनी मॅडमनी सळी हुंगली आणि म्हणाल्या, मिठानं हे लोखंड काँक्रीटच्या पोटात गंजेल, परत न्या. मग मीटिंग. कंपनीचे साहेब म्हणाले, नियमांना आमचा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त ते कामाच्या आड येऊ नयेत. दिल्लीचे साहेब म्हणाले, सुरक्षिततेशी तडजोड नाही, आणि उद्‌घाटनाच्या तारखेशीही नाही. दोघांनी एकमेकांपुढे बिस्किटं सरकवली. मीही म्हणालो, मॅडम, फडक्यानं पुसून देतो की! बाई ढिम्म. सगळा माल परत. काय कडक बाई हो! असल्या माणसांमुळेच देश मागे राहतो, हे मी बोईसरपासून मुरब्यापर्यंत ट्रकवाल्याला ऐकवत आलो. (तो "हाँ सेठ, हाँ सेठ" करत होता. माणूस समजूतदार.)

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा
कमलाकांत

ता. क. आमचा गवंडी विनोद म्हणतो, "दादा, त्याच सळ्या आपल्या स्लॅबला टाकू. घराला बघायला कोन येतंय? कोन नाय." मी हो म्हणालो खरा, पण रात्री उठून त्या सळ्या स्वतः हुंगून आलो. त्याखाली बाळाचा पाळणा टांगायचा आहे. शेवटी नव्या सळ्या आणल्या.

दुसरा ता. क. मॅडम तुमच्याच इमारतीत राहतात ना? शनिवारी त्यांना जेवायला घेऊन या आणि गप्पांच्या ओघात स्लॅबवर चढवा. त्यांनी मान हलवली तरच काँक्रीट ओतीन. कंपनीच्या साहेबांना मात्र कळू देऊ नका.

तिसरा ता. क. आत्ताच वर डोकावलो. गोदूनं नव्या सळ्यांवरही बोंबील टांगलेत. शनिवार रद्द, स्लॅब पुढं गेला, पुन्हा नव्या सळ्या आणतो. मॅडमना सुके बोंबील चालतात का, तेवढं विचारून ठेवा. भरपूर आहेत.