तीन आणि पाचच्या मध्ये

३ मार्च
ताइचुंगला आले आणि पहिल्याच दिवशी पोटभर हसले. शहराचा त्रिमितीय नकाशा तपासायची नोकरी. प्रत्येक मजला म्हणजे एक ठोकळा. दोन ठोकळे सुटे आहेत, टेकलेत, की एकमेकांत घुसलेत, एवढंच संगणकाला विचारायचं आणि तो खोटं बोलला की पकडायचं. साहेब म्हणजे कुओदादा. संगणकाने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याने त्याच्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलंय. ते फोडलंस तर नोकरी गेलीच म्हणून समज, म्हणाला. कंपनीने पाचव्या मजल्यावर खोलीही दिली. छान आहे.

५ मार्च
चूक सापडली! आपल्या तैवानात चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ सारखाच, म्हणून इमारतींत तीननंतर थेट पाचवा मजला. नकाशा करणाऱ्या शहाण्याने मजल्याच्या आकड्यावरून उंची काढली. त्यामुळे नकाशात तीन आणि पाच टेकतच नाहीत, मध्ये मजलाभर पोकळी. कुओदादा म्हणाला, धाकटे, पोकळ्या रिकाम्या आहेत ना बघ, मग पाचवा खाली सरकवून देऊ चिकटवून.

६ मार्च
सगळ्या रिकाम्या. फक्त माझ्याच इमारतीत उत्तर आलं, आत काहीतरी आहे. माणसाएवढा ठोकळा. चाचणीसाठी आम्हा कर्मचाऱ्यांचे फोन नकाशात माणसाएवढे ठोकळे म्हणून दिसतात. हा आ-फांगचा. माझ्याआधी या जागेवर होती, न सांगता गेली. कुओदादा म्हणाला, कामचुकार होती मेली, फोनसुद्धा टाकून पळाली.
पण ठोकळा हलतोय.

९ मार्च
तिसऱ्या मजल्यावरच्या चेन मावशींनी जिन्यात गाठून झापलं. पोरी, रडायचं तर उशीत तोंड खुपस, आमच्या डोक्यावर कशाला? मी रडलेच नव्हते. वर येऊन फरशीवर टकटक केली. खालून टकटक आली. मी फार घाबरलेय.

१० मार्च
कुओदादाला सांगितलं, आ-फांग आत आहे, जिवंत आहे. म्हणाला, उद्या नगरपालिकेला नकाशा दाखवायचाय, तुझी भुतं नंतर. आधी तुझीच इमारत चिकटव, बाकी शहर उद्या पाहुण्यांसमोर. नाही म्हटलं असतं तर घरी बस म्हणाला असता. दाबलं बटण. उत्तर आलं, टेकले. ठोकळा गेला.
मावशी म्हणाल्या, आज कशी शांतता आहे, गुणाची पोर. मला हायसं वाटलं — हो, वाटलं.

११ मार्च
ऑफिसच्या लिफ्टमधून उतरले. इथे खिडक्या नाहीत. मागे वळले तर लिफ्टचं दारही — नुसती भिंत.

कुओदादाला फोन लागला. त्याला माझा ठोकळा दिसतोय, ऑफिसच्याच इमारतीत, तीन आणि पाचच्या मध्ये. ओरडले, थांबवा. म्हणाला, पाहुणे समोर बसलेत गं, आता कसं थांबवू. तू तरी कुठे थांबलीस —

छत खाली येतंय. बसून लिहितेय —

आडवी. फोनमधून टाळ्या ऐकू येतायत. कुणीतरी विचारतंय, मधला तो ठोकळा कसला. दादा हसून म्हणतोय, काही नाही, चाचणीचा आहे, आत्ता जाईल. नाकाला छत टे—