विकलेल्या मशीनचा घसारा

सोमवार, ७ जुलै
निकाल लागला. अकाउंट्समध्ये साठातले सव्वीस नापास. प्राचार्यांना लेखी कारणं हवीत. कारणं कसली — मोबाइल आणि आळस! तरी नावाला एक प्रश्नावली केली: झोप किती, प्रवास किती, शाळेतलं गणित कसं होतं, नोकरी करता का. बायकोने वाचली. "यात तुम्ही कुठेच नाही," म्हणाली. मग तळाशी पेनाने एक ओळ वाढवली — 'शिकवण्याबद्दल काही सांगायचंय?' स्वतःच्या उदारपणाचं कौतुक वाटलं.

गुरुवार, १० जुलै
उत्तरं आली. मोबाइल लिहिणारे दोन. नोकरी आणि अपुरी झोप — बरेच. आणि एकोणीस जणांनी जवळपास एकच वाक्य लिहिलंय: 'सर प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.' ताईला फोन केला, म्हटलं बघ काय पोरं आहेत. ती हसतच सुटली. लहानपणी कोडं घालून मीच फोडून टाकायचो म्हणे. घरचा आहेर!

शुक्रवार, ११ जुलै
ठरलं. यापुढे प्रश्न विचारायचा आणि तोंडाला कुलूप.

सोमवार, १४ जुलै
माझं लाडकं गणित फळ्यावर मांडलं: सहा महिन्यांनी मशीन विकलं, तर घसारा, म्हणजे वापरामुळे किमतीत होणारी घट, किती? विचारलं आणि गप्प. मनात वीस आकडे मोजले. वर्गातला पंखा कुरकुरतो, हे अकरा वर्षांत आज कळलं. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते, बेकरीत पहाटपाळी करून येते. मी तिला 'झोपाळू' म्हणतो. ती हळूच म्हणाली, "सर, तुमच्या नोट्समध्ये पूर्ण वर्षाचा घसारा धरलाय. पण सहा महिन्यांनी मशीन आपल्याकडे राहिलंच नाही ना?"
पद्धतच तशी आहे, असं मी ठसक्यात सांगितलं. घरी येऊन पुस्तक उघडलं. पद्धत तशी नाही.

मंगळवार, १५ जुलै
वर्गात चूक कबूल केली. मग परीक्षेचे पेपर पुन्हा काढले, कारण हेच गणित तिथेही होतं.

बुधवार, १६ जुलै
नापासांतल्या सात जणांनी ते बरोबर सोडवलं होतं. मी शून्य दिलंय, खाली दोन रेघा ओढून. ते गुण धरले तर सातही पास. प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. सहा जणांना सांगितलं. सातव्याने निकालानंतर कॉलेज सोडलंय.

गुरुवार, १७ जुलै
त्याच्या घरी गेलो. तो गोदामात कामाला गेला होता. आईने पाणी दिलं. म्हणाली, "मी त्याला म्हटलं होतं, पेपर पुन्हा तपासून घे. तर म्हणाला, सरांनी कापलंय म्हणजे माझंच चुकलं असणार."
तो येईपर्यंत थांबतो म्हटलं.