सोळावा बेस

१ फेब्रुवारी, शनिवार
बेसबॉलच्या मैदानावर गाडीतून उतरता उतरता समिधाचा हुकूम — "आई, प्लीज, नो शाउटिंग! एव्हरीवन स्टेअर्स." तेरा वर्षांची पोर आणि माझ्या तोंडाला कुलूप! पाच मिनिटं बसले गप्प. मग ओरडलेच.

पण पोरगी बेस काय चोरते! पिचर चेंडू टाकायच्या नादात असला की ही आपला बेस सोडून पळते ती थेट पुढच्या बेसवर. या सीझनला चौदा झाले. तिच्या टीमचे म्हातारे अमेरिकन कोच जुनं पुस्तक घेऊन आले होते. १९५० साली तिकडच्या एका मोठ्या लीगमध्ये अख्ख्या सीझनला पंधरा बेस चोरणारा पहिला आला होता म्हणे. फक्त पंधरा! तेव्हा सगळे लांब फटके मारण्यात दंग, पळायचं कुणाला? समिधाला आता सोळा हवेत. लेकीने चोरीत नाव काढावं म्हणून देवाला हात जोडणारी मीच पहिली आई असेन.

३ फेब्रुवारी, सोमवार
नवऱ्याची, शैलेंद्रची बदली. दूर वाळवंटातल्या रुवैसला. एक मार्चपासून! तिथल्या शाळेत बेसबॉल नाही. समिधा दार लावून बसलीय. म्हणजे उरली एकच मॅच, पंधरा तारखेची. आणि हवेत दोन बेस.

९ फेब्रुवारी, रविवार
तिला बेसमेंट पार्किंगमध्ये नेलं आणि सांगून टाकलं — तुझी आई रत्नागिरी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायची. चढाईला मीच! "यू? आई, सिरियसली?" मग ओढणी खोचली आणि दाखवलंच. समोरच्याचे डोळे नाही, गुडघे बघायचे. खांब शिवायचा आणि मी "परत ये!" ओरडले की मागे. पकडायला शैलेंद्र. समिधाने तीनदा चकवलं, चौथ्यांदा तो शेजाऱ्यांच्या गाडीवर आपटला. "उर्मिला, खलास, पुरे आता! वॉचमन बघतोय!"

बघू दे की.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
रोज पार्किंग. गुडघा सुजला — माझा. मजा येतेय!

१५ फेब्रुवारी, शनिवार
पंधरावा झाला. मग पुढच्या डावात पहिल्या बेसवरून सोळाव्यासाठी सुटली. चेंडू पोचायच्या आत पाय बेसवर — सेफ! मी खुर्चीवर उभी. आणि तोंडातून निघून गेलं, "शाब्बास! परत ये!"

पोर वळली. आठवडाभर माझ्या हाकेला वळत होती ना! पहिल्या बेसकडे उलटी पळाली आणि मधेच आउट. सोळावा धरला नाही.

गाडीत ती मागच्या सीटवर, कानात इयरफोन. घरी येऊन मी बाथरूममध्ये रडले. माझ्याच तोंडाने घालवला तिचा बेस.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
खोकी बांधली. माझ्याशी अजून फक्त "येस" आणि "नो".

१६ एप्रिल, बुधवार. रुवैस
शाळेत फॉर्म द्यायला गेले. नोटीस बोर्डावर समिधाच्या अक्षरातला कागद — मुलींची कबड्डी, नावं द्या. कोच: माय मॉम.

खाली लाल पेनने — शाउटिंग अलाउड.